पुढचं कोणी सांगत नाही

३ फेब्रुवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. घाबरू नकोस, यात रडगाणं नाही. काम आहे, आणि तेही तुझ्या धंद्यातलं.

आमच्या कंट्रोल रूमला नव्या मॅडम आल्यात. हौशी आहेत. सकाळी प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन 'गुड मॉर्निंग' म्हणतात, आणि ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये कुणाची सकाळ गुड असते ते तुला मी सांगायला नको. गेले काही महिने माणसं नोकरी सोडून जातायत. कधी फोन घेणारी एखादी मुलगी जाते, कधी ड्रायव्हर. वरून मॅडमना तंबी आली, माणसं टिकवा, नाहीतर ही कंट्रोल रूम बंद करून सगळे फोन दुसऱ्या शहराकडे वळवू. त्यावर मॅडमनी तोडगा काढला तो असा की कर्मचाऱ्यांसाठी एक मजेचा दिवस करायचा. खेळ, खाणं, बक्षिसं, टीम बिल्डिंग. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, मागच्या गाड्यांच्या आवारात. आणि हा दिवस भरवायचा कोणी, तर मी.

"मी कशी काय?" मी विचारलं.

"अहो, तुम्हाला सगळे ओळखतात ना!"

ओळखतात तर. ड्युटी चार्ट मी लावते. कुणाला सलग रात्रपाळ्या, कुणाला सणाच्या दिवशी ड्युटी, कुणाची रजा नामंजूर, सगळं माझ्या हातून जातं. माझ्या टेबलाशी माणूस येतो तो भांडायलाच येतो. खाटकाला बकऱ्यांचा मेळावा भरवायला सांगावं, तसं झालंय.

त्यात मी ही अशी. घरी चार पाहुणे येणार म्हटलं की मी आतल्या खोलीत जाऊन बसायची आणि तू गच्चीवर अख्ख्या गल्लीतली पोरं गोळा करून खेळ मांडायचीस. आता तू मोठमोठ्या कंपन्यांसाठी तेच करतेस. शेकडो माणसांना एका हॉलमध्ये हसवतेस. म्हणून विचारते.

घरी सगळं ठीक. बाबा बरे आहेत, जेवतात, संध्याकाळी फिरून येतात.

तू बोलायची थांबलीस त्याला वर्ष होऊन गेलं. आई गेली त्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये तू म्हणालीस, "तुझ्याच ऑफिसची गाडी, आणि माझ्या आईला वेळेवर मिळाली नाही." 'माझ्या आईला' म्हणालीस. 'आपल्या' नाही. त्यावर मी तेव्हा काही बोलले नव्हते, आजही बोलत नाही. मला एवढंच सांग, ज्या माणसांना एकमेकांचं तोंड बघायचं नाही त्यांना एका आवारात आणून काय खेळवावं?

धाकटी


१२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. हरकत नाही, पोस्टाला उशीर होतो.

माझी दशा सांगते. फोनवाल्या आणि गाडीवाले यांच्यात विस्तव जात नाही, हे तुला मी पूर्वी सांगितलं होतं. वरच्या मजल्यावर फोन घेणाऱ्या पोरी म्हणतात, गाडीवाले उर्मट आहेत, वायरलेसवर खेकसतात. गाडीवाले म्हणतात, या आत पंख्याखाली बसून बोटं दाखवतात. वर्षानुवर्षं एकत्र काम करतात, पण आवाजापलीकडे ओळख नाही. वरच्यांच्या पाळ्या वेगळ्या वेळी बदलतात, खालच्यांच्या वेगळ्या, आणि जिना एकच असला तरी त्यावर कुणी कुणाला भेटत नाही.

मी दोन्हीकडे विचारून आले. रस्सीखेच म्हटल्यावर फोनवाल्या म्हणाल्या, वर्षभर तेच चाललंय की. संगीत खुर्ची म्हटलं तर म्हणाल्या, रविवारी तरी खुर्चीवरून सुटका द्या. डोळे बांधून जोडीदाराच्या आवाजावर चालायचा खेळ मला खरंच आवडला होता. तो गाडीवाल्यांना सांगितला तर एक जण म्हणाला, "बाई, यांच्या पत्त्यांवर आम्ही रोज डोळे बांधूनच चालवतो." सगळे खो खो हसले. मी पण हसले आणि वर जाऊन डोकं धरून बसले.

हसला नाही तो फक्त भोंगा. भोंगा म्हणजे आमचा सगळ्यांत जुना ड्रायव्हर. आवाज असा की सायरन बिघडला तरी चालेल, म्हणून हे नाव. पण माझ्यापुढे त्याची वाचा बसते. चार्ट लागला की सगळे तणतणत येतात, हा कधी येत नाही. देईन ती पाळी घेतो. मी समोरून आले की गाडीचं बॉनेट उघडून त्यात डोकं घालतो. त्याच्या मनात माझ्याबद्दल काय आहे कोण जाणे. चांगलं नसावं.

आणि आज बर्फनं राजीनामा दिला.

बर्फ माझी डब्याची मैत्रीण. फोनवर तिचा आवाज कधी हलत नाही, समोरचं माणूस कितीही किंचाळत असो, म्हणून बर्फ. ती गेली तर मॅडमचा आनंदाचा दिवस म्हणजे वरातीमागून घोडं. मी विचारलं, "का गं?"

"कंटाळा आला."

"कशाचा?"

"अर्ध्या गोष्टींचा." ती डब्याचं झाकण लावत म्हणाली. "फोन येतो. बाई ओरडत असते, मूल निळं पडलंय म्हणून. मी सांगते, असं धर, असं कर. मग मागून गाडीचा आवाज येतो आणि बाई फोन टाकून धावते. संपलं. लगेच दुसरा फोन. ते मूल जगलं की गेलं, मला पुढचं कोणी सांगत नाही. घरी भाजी चिरत असते, आणि ती सगळी मुलं डोक्यात रांगत असतात."

"मग ड्रायव्हरना विचारायचं."

"त्यांच्याशी बोलतंय कोण?"

मी म्हटलं, निदान रविवारी ये. ती म्हणाली, "येते बाई. फुगे फोडायला ना?" आणि हसली. तिचं ते हसणं मला दिवसभर टोचत राहिलं.

ताई, मॅडमनी खरंच फुग्यांची पाकिटं आणली आहेत. मोठी.

धाकटी


२० फेब्रुवारी

ताई,

मिळालं. तुझं पाकीट मिळालं!

'प्रिय' नाही, नाव नाही, सही नाही. गिऱ्हाइकाला लिहावं तसं. पण अक्षर तुझं, आणि 'ळ' अजून पोट फुगवून बसतो. पुन्हा पुन्हा वाचलं: 'खेळ कमी ठेव. कुणी हरेल असा खेळ शक्यतो नको. खुर्च्या गोलात मांड, रांगेत नको. आणि मध्ये एक तास पूर्ण रिकामा सोड. त्यात काही भरू नकोस, कितीही भीती वाटली तरी.'

भीती वाटली तरी, हे तू गिऱ्हाइकांना नसशील लिहीत.

रिकाम्या तासावरून मॅडमशी वाजलं. त्या म्हणाल्या, "एक तास काहीच नाही? लोक घरी जातील हो." मी म्हटलं, माझी बहीण या क्षेत्रातली आहे, तिचा सल्ला आहे. माझी बहीण, असं किती दिवसांनी म्हटलं. मॅडम म्हणाल्या, बरं, पण फुगे तयार ठेवा.

आता मला झोप नाही. रिकाम्या तासात भांडण जुंपलं तर? कुणीच काही बोललं नाही तर? सगळे बोलले आणि माझ्याबद्दलच बोलले तर? त्या दिवशी फोन बंद ठेवता येत नाहीत, म्हणजे निम्म्या पोरी वर राहणार आणि आळीपाळीनं खाली उतरणार. ऐन मजेत गाड्या निघून जाणार. आणि त्या दिवशी चार्ट लावणारी पण मीच.

एक कबूल करायचंय. बाबा संध्याकाळी फिरायला जातात असं मी लिहिलं होतं. जात नाहीत. टीव्हीसमोर बसतात, आवाज बंद करून. तुझा कागद मी त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाले, "खुर्च्या गोलात मांड म्हणते." मग घडी करून खिशात ठेवला, तो काही परत दिला नाही.

धाकटी


२८ फेब्रुवारी, रविवार

ताई,

झालं एकदाचं. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

सकाळी गोल मांडला. गाडीवाले गाड्यांच्या बाजूला बसले, फोनवाल्या जिन्याच्या बाजूला. मध्ये दोन्हीकडे एकेक खुर्ची रिकामी. गोल होता, पण मधोमध चिरलेला. मॅडमनी भाषण केलं, आपण सगळे एक कुटुंब आहोत वगैरे. कुटुंबानं पायांकडे बघत ऐकून घेतलं.

तू नको म्हणालीस तरी मॅडमनी रस्सीखेच घुसवलीच. मी निदान दोन्ही बाजू मिसळून दिल्या. ऐन रंगात वरून फोन आला, एका बाजूचे तीन ड्रायव्हर दोर टाकून गाडीकडे पळाले आणि पलीकडची सगळी फळी धाडकन उताणी. एका पोरीचं कोपर खरचटलं. मॅडमचा गॉगल कुणाच्या तरी खाली गेला. पोरगी उठत म्हणाली, "हात सोडून पळायची सवयच आहे यांना." एक ड्रायव्हर म्हणाला, "तुमच्याच बाईनं बोलावलं, आम्ही काय नाचायला गेलो?" झालं. सँडविच खाताना गोलाच्या दोन फाका अजून लांब सरकल्या.

मग रिकामा तास लागला.

ताई, अशी शांतता मी त्या आवारात कधी ऐकली नव्हती. सगळे चहात बघत होते. एकानं मोबाइल काढला, मग दुसऱ्यानं. मॅडम माझ्याकडे बघून शिट्टी तोंडाशी नेत होत्या. तेवढ्यात बर्फ जिना उतरली. तिची फोनची पाळी नुकती संपली होती. तिला या फाळणीचं काही माहीत नव्हतं. समोर रिकामी खुर्ची दिसली, तिच्यात बसली. शेजारी भोंगा.

त्यानं कुणाला तरी चहा आणायला ओरडून सांगितलं, आणि ती चमकून वळली.

"तुम्ही भोंगा?"

"तू कोण?"

"मी बर्फ."

भोंग्यानं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मला वाटलं होतं, तू उंच असशील."

आजूबाजूचे हसले. ती पण हसली, आणि मग एकदम म्हणाली, "एक विचारू? ती लिफ्टमध्ये अडकलेली बाई. दिवस भरलेली. वीज गेली होती. तुम्ही पोचलात आणि फोन कट झाला. पुढे काय झालं?"

"ती होय!" भोंग्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला असेल. "लिफ्टवाला यायच्या आत मोकळी झाली. दाराच्या फटीतून मी टॉवेल देतोय, आणि बाई म्हणते, आत बघू नका! मी म्हटलं, बाई, मला माझाच हात दिसत नाहीये."

"पण मूल?"

"मुलगी. आधी रडेचना. आमचे सगळ्यांचे श्वास अडकले. मग असा भोंगा लावलान्, म्हटलं ही आपल्याच खात्यातली!"

बर्फनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसतेय की रडतेय, कळेना. मग तिच्या पलीकडची मुलगी पुढे सरकून एका ड्रायव्हरला म्हणाली, "आणि बाजारातले ते काका, खांबाखाली सापडलेले?" तो म्हणाला, "काठी घेऊन चालतात. परवाच दिसले, मला ओळखलं नाही." मग अजून एक, मग अजून एक. मोबाइल खिशात गेले. खुर्च्या कधी सरकल्या मी पाहिलं नाही, पण मधली फट दिसेनाशी झाली. एका पोरीनं शाळेतल्या बाईंचं विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "गेल्या. रस्त्यातच." मला वाटलं, आता संपलं सगळं. पोरगी म्हणाली, "बरं झालं कळलं." आणि त्यानं विचारलं, "त्या दिवशी पत्ता सांगताना तू रडत होतीस का?" ती म्हणाली, "हो." तो म्हणाला, "मी खेकसलो होतो तुझ्यावर." एवढंच.

मॅडमनी शिट्टी पुन्हा वर नेली. मी म्हटलं, "नको." मला माझाच आवाज ओळखू आला नाही. मॅडमनी शिट्टी खाली केली.

तेव्हा बर्फ पुन्हा भोंग्याकडे वळली. "अजून एक. हे मला फार दिवस विचारायचंय. वर्ष होऊन गेलं असेल. दुपार होती. पाण्याच्या टाकीमागचं घर, हिरवं फाटक. एक मुलगी स्वयंपाकघरात कोसळलेल्या आईबरोबर एकटीच होती."

हिरवं फाटक, ताई.

भोंग्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

यापुढचं आज लिहवत नाही. बाबा जेवायला हाक मारतायत. उद्या लिहिते.

धाकटी


१ मार्च

ताई,

कालचं पत्र आणि हे एकदमच टाकतेय. बसून वाच.

"पुढचं हिला विचार," भोंगा म्हणाला. "घर हिचं आहे."

बर्फ माझ्याकडे वळली. इतकी वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खातोय. माझी आई गेली हे तिला माहीत होतं, पण तो फोन तिनंच घेतला होता हे ना तिला माहीत, ना मला. फोनवर तू फक्त पत्ता सांगितलास, आणि बर्फ आपल्या घरी कधी आलेली नाही. मलाही सहज शोधता आलं असतं. मी शोधलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

मी म्हटलं, "आई त्याच संध्याकाळी गेली."

तिनं मान हलवली. मग विचारलं, "आणि ती? मोजणारी?"

"माझी ताई."

"कशी आहे?"

"माहीत नाही. माझ्याशी बोलत नाही."

आवारात सगळे ऐकत होते, पण त्या वेळी मला कुणाचीच लाज वाटली नाही. बर्फनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"जवळची गाडी दुसऱ्या एका अपघातावर गेली होती. मी नदीपलीकडून दुसरी काढली. ती लांब आहे हे मला माहीत होतं, तुझ्या ताईला नव्हतं. मी तिला 'येतेय, येतेय' म्हणत राहिले. आईच्या छातीवर हात कसे ठेवायचे ते सांगितलं. पहिल्यांदा दाबलं आणि ती ओरडली, आईचं काहीतरी मोडलं! मी म्हटलं, मोडू दे, थांबू नकोस. मग ती मोजायला लागली. मी पण तिच्याबरोबर मोजत होते. तिचा आवाज फाटला, श्वास पुरेना, पण हात थांबले नाहीत. अगं, मोठमोठी माणसं हात लावत नाहीत. फोन टाकून रस्त्यावर पळतात. ही एकटी. मग मागून गाडीचा आवाज आला आणि फोन बंद. तेव्हापासून तिचं मोजणं माझ्या कानात आहे."

मग भोंगा बोलला. त्याचा आवाज इतका खाली येऊ शकतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. "मी आत गेलो तर बाजूला होईना. म्हटलं, ताई, दमलात, आता आम्ही बघतो. तर मलाच ढकलते. शेवटी दोन्ही दंड धरून उठवली. पुढं माझ्या शेजारी बसवली, तर तिथं पण मोजतच होती. मांडीवर हात ठेवून. पुलावर होतो तेव्हा मागून आमच्या नर्सनं काचेवर टकटक केली. ठोके परत आले होते. मी तिला म्हटलं, ऐकलंत का, ठोके आले. तिला ऐकूच गेलं नाही."

तो माझ्याकडे वळला. "असे ठोके नुसत्या औषधानं येत नाहीत. आमच्या आधी कुणीतरी रक्त फिरतं ठेवलेलं असावं लागतं. हे मी तुला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण हॉस्पिटलच्या दारात तू मला पाहिलंस. वाटलं, गाडी उशिरा आली, आता ही माझं तोंड बघणार नाही. कुठल्या तोंडानं येणार तुझ्या टेबलाशी?"

आणि मी समजत होते, राग त्याला माझा आहे.

ताई, हे तुला कुणी सांगितलं होतं का? ठोके परत आले होते, हे? डॉक्टर आपल्याशी बोलले ते सगळं संध्याकाळचं, शेवटचं बोलले. मधलं कुणी सांगितलं नाही. पॅसेजमध्ये तू तळहात सारखे ओढणीला पुसत होतीस. तू माझ्यावर ओरडलीस, आणि मला वाटलं तू फक्त माझ्यावर रागावलीयस. काल पहिल्यांदा मनात आलं, वर्षभर तुला असं तर वाटत नव्हतं ना, की हात तुझेच चुकले? काहीतरी मोडलं ते तू मोडलंस? बर्फ म्हणते, मोडणारच, तसंच दाबायचं असतं. भोंगा म्हणतो, इतक्या वर्षांत असं कुणी केलेलं त्यानं क्वचित पाहिलंय. ही दोघं खोटं बोलायला आपली कोणी लागत नाहीत.

आता मी जे तुला कधी सांगितलं नाही ते. मी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा तू बाबांना आणायला खाली गेली होतीस. मी आईजवळ एकटीच होते. डोळे मिटलेले, पण श्वास चालू होता. मी तिचा हात हातात घेतला. गरम होता. मी म्हटलं, आई, आले गं. बस्स, एवढंच. मी ऑफिसात होते, मी तिच्याजवळ नव्हते, तरी मला तेवढं मिळालं. तो हात माझ्यासाठी गरम ठेवला होता तो तू, ताई. मी वर्षभर तो माझ्याजवळच ठेवून बसले आणि तुला साधं सांगितलंही नाही.

तुला उत्तर द्यावंसं वाटलं नाही तरी चालेल.

धाकटी


१४ मार्च

ताई,

आता फोन चालू झाला आपला, तरी पत्र लिहितेय. फोनवर मला बोलता आलं नाही, तुलाही नाही. निम्मा वेळ आपण नाक ओढत होतो.

तू फोन केलास तो बाबांनी उचलला. "कोण पाहिजे?" असं विचारलं, आणि मग हळूहळू खुर्चीत बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांनी तुला नळ गळतो ते सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं, शेजाऱ्यांनी भिंतीला कसला भयाण रंग लावलाय ते सांगितलं. एका वर्षाचं सगळं सांगून झालं आणि मग म्हणाले, "थांब, धाकटीला देतो," आणि बराच वेळ दिलाच नाही. आज संध्याकाळी ते कोपऱ्यापर्यंत चालून आले. या वेळी खरंच. मी खिडकीतून पाहिलं.

तू विचारलंस, त्या बाई अजून नोकरीवर आहेत का? बर्फनं राजीनामा मागे घेतला नाही. मॅडम दोनदा बोलल्या, मी चार वेळा रडले, ती म्हणाली, "आता जाते ती हलकी होऊन जाते गं, आधी जड होऊन जाणार होते." एका नर्सरीत लागतेय, झाडांच्या. म्हणाली, झाडाचं पुढे काय झालं ते रोज दिसतं. वीस तारखेला तिचा शेवटचा दिवस.

इकडे मात्र भोंग्यानं नवीन खूळ काढलंय. हॉस्पिटलमध्ये पेशंट सोडून निघाला की वायरलेसवर ओरडतो, "पुढचं ऐका!" आणि दोन वाक्यांत सांगतो. आता बाकीचेही सांगतात. चांगलं असो, वाईट असो. वर पोरी एक सेकंद थांबतात, ऐकतात, मग पुढचा फोन घेतात. चार्टवरून भांडायला भोंगाही येऊ लागलाय, परवा टेबलावर हात आपटला त्यानं, मला इतकं बरं वाटलं! मॅडमनी वर अहवाल पाठवलाय की उपक्रम अत्यंत यशस्वी झाला. फुगे तसेच पडून आहेत. वरून उत्तर आलेलं नाही. कंट्रोल रूम राहील की जाईल, कुणाला माहीत नाही, आणि तुला माहितीये ना माझं, चांगलं व्हायला लागलं की मला जास्त धाकधूक होते.

आता तुझ्या येण्याचीच बघ. वीस तारखेला तू बर्फला भेटायला येणार हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "अगंबाई, मी काय बोलू तिच्याशी?" म्हणजे तिलाही धडकी भरलीय. तुम्ही दोघी समोरासमोर येऊन नुसत्याच उभ्या राहिलात तर? राहा. मी चहा घेऊन येईन. भोंगा म्हणतो, मी गाडी घेऊन स्टेशनवर जातो तिला आणायला. मी म्हटलं, मेल्या, त्या गाडीतून नको. मग त्याला एकदम कळलं. रिक्षानं आणीन म्हणाला.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात तुला जावंसं वाटलं नाही तर जाऊ नकोस. पाणी, जेवण, सगळं मी बाहेर आणीन. जावंसं वाटलं तर मी बरोबर येते. बाबांनी तुझ्या खोलीतला पंखा पुसलाय, खुर्चीवर चढून, मी ओरडले तरी.

फोनवर तू विचारलंस, काय आणू? मी म्हटलं, काही नको. तू म्हणालीस, सकाळी येईन आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन. मी म्हटलं, बरं. पण मला काही बरं वाटलं नाही ते.

येताना चार कपडे जास्तीचे आण.

धाकटी